रक्त भरून येतं, पण थांबायचं कोण सांगतं?

गणपतीत आपल्या बडोद्यात दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत दोन-तीन मंडळांची तरी रक्तदान शिबिरं लागतात, आणि पलंगावर आडवं होण्याआधी एखादे काका विचारतातच, "अहो, हे परत भरतं ना?" भरतं. ३५० मिलिलिटरची पिशवी दिली तर त्यातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, एक-दोन दिवसांत जागेवर येतो. लाल पेशींना काही आठवडे लागतात. त्यांच्यासोबत गेलेलं दीडशे मिलिग्रॅमच्या आसपासचं लोह भरून निघायला आणखी वेळ जातो. म्हणूनच आपल्याकडे दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी तीन महिने आणि बायकांनी चार महिने जाऊ द्यावेत असा नियम आहे.

काका दुसरा प्रश्न मात्र विचारत नाहीत. पिशवीभर गेलं तर पिशवीभरच का भरतं, दीड पिशवी का नाही? झालं तेवढं पुरे, हे शरीराला कळतं कसं? मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या काचा बघते, आणि मला विचाराल तर रक्ताचा कॅन्सर समजून घ्यायला याच प्रश्नापासून सुरुवात करावी. शरीर स्वतःला भरून काढतं तेव्हा पेशींना जे निरोप जातात, कॅन्सर वाढताना बहुतेक तेच निरोप कामाला लागलेले असतात. फरक पडतो तो निरोप संपतो की नाही यात.

आधी लाल पेशींचं बघू. रक्त गेलं की ऑक्सिजन कमी पोचतो, आणि याची दखल घेते किडनी. तिथल्या काही पेशींत एचआयएफ नावाचं प्रथिन सारखं तयार होत असतं आणि सारखं मोडतही असतं. ते मोडायला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी पडला की ते शिल्लक राहतं आणि एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन बनवणारा जीन चालू करतं. पेशी ऑक्सिजन ओळखते कशी, हे उलगडल्याबद्दल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. एरिथ्रोपोएटिनला पुढे मी नुसतं इपो म्हणते. ज्यांच्या घरी कोणी डायलिसिसवर आहे त्यांना हे नाव पाठ असतं, कारण किडनी थकली की इपोही आटतं आणि मग ते इंजेक्शनने द्यावं लागतं.

इपो रक्तातून बोन मॅरोत, म्हणजे हाडाच्या आतल्या मगजात पोचतं. तिथे लाल होऊ घातलेल्या पेशी एरवी बऱ्याच संख्येने मरून जात असतात. इपो मिळालं की त्या तगतात. उत्पादन वाढतं ते मुख्यतः असं.

त्याचा पुरावा आम्हाला डोळ्यांनी दिसतो. रक्ताचे दोन-तीन थेंब तितक्याच न्यू मेथिलीन ब्लू रंगात मिसळायचे, पंधरा मिनिटं ३७ अंशांवर ठेवायचे आणि काचेवर पातळ ओढायचे. जुन्या लाल पेशी फिकट चकत्यांसारख्या दिसतात. मॅरोतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशींत मात्र गडद निळ्या दोऱ्यांचा गुंता दिसतो, कुठे नुसते दोन-चार ठिपके. ते पेशीत उरलेलं आरएनए. दिवसा-दोन दिवसांत तेही नाहीसं होतं. या पेशींना रेटिक्युलोसाइट म्हणतात. एरवी शंभरात एखाद-दुसरी दिसते. बी-ट्वेल्व्ह फार कमी असलेल्या एखाद्या बाईंना इंजेक्शनं सुरू केली की आठवड्याभरात रेटिक्युलोसाइटची संख्या कितीतरी पट होते, आणि तोवर हिमोग्लोबिनचा आकडा धड हललेलाही नसतो. घरचे सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, बघून हिरमुसतात आणि आम्ही काच बघून खूश असतो. पुढे काही आठवड्यांत ही संख्या आपली आपण खाली येते. मला या सगळ्यात तिचं चढणं जितकं आवडतं त्याहून उतरणं जास्त आवडतं. किडनीला ऑक्सिजन पुरला, एचआयएफ मोडलं, इपो कमी झालं, काम थांबलं. मधे कोणी हुकूम दिला नाही.

ही झाली तयार होत आलेल्या पेशींची गोष्ट. पण त्या सतत येतात कुठून? लाल पेशी १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंवर तुटून पडणारी न्यूट्रोफिल जेमतेम एखादा दिवस. मोठ्या माणसाच्या मॅरोतून दर सेकंदाला वीसेक लाख लाल पेशी बाहेर पडतात. या सगळ्यांच्या मुळाशी मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल असतात, आणि त्यांची संख्या ऐकून धक्का बसतो. कामावर असलेल्या मूळपेशी एका माणसात साधारण ५० हजार ते २ लाख असाव्यात असा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे एकेका थेंबात कोट्यवधी पेशी, आणि सगळ्यांचं मूळ या मूठभरांत.

त्या असतात हे सिद्ध केलं टोरांटोच्या जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक यांनी, १९६१ मध्ये. किरणोत्सर्ग देऊन त्यांनी उंदरांचा मॅरो मारला आणि दुसऱ्या उंदरांच्या मॅरोच्या पेशी टोचल्या. दहा-बारा दिवसांनी प्लीहेवर गाठी उठलेल्या दिसल्या. जितक्या पेशी टोचल्या त्या प्रमाणात गाठी, आणि एकेका गाठीत निरनिराळ्या जातीच्या रक्तपेशी. एकाच पेशीच्या पोटी हे सगळं गोत जन्मतं, असा त्याचा अर्थ.

आता मूळपेशींना जाणाऱ्या निरोपांकडे येऊ. लोकांना वाटतं की त्यांना सारखं "बनव, बनव" असंच सांगितलं जात असेल. तसं नाही. खरी मूळपेशी वर्षाकाठी एखाद-दोनदा विभागते, तेही कसंबसं. बाकीचा काळ ती हाडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या शेजारी निवांत पडून असते, आणि रोजच्या उत्पादनाची धावपळ तिच्यापासून झालेल्या पुढच्या पिढ्या करतात. हे शहाणपणाचंच आहे. दर विभागणीत डीएनएची नक्कल करावी लागते, आणि नक्कल करताना चुका होतात. जी पेशी आयुष्यभर पुरवायची आहे तिला कमीत कमी वेळा नक्कल करू द्यायची. तिच्या आजूबाजूच्या पेशी तिला जे निरोप देतात त्यांतले कित्येक "जिवंत राहा" आणि "थांब" असेच असतात.

शेजाराचं हे महत्त्व उंदरांनीच शिकवलं. प्रयोगशाळांत दोन जातींचे उंदीर होते. दोन्ही अशक्त, रक्त कमी, अंगावर पांढरे चट्टे. वरून पाहिलं तर आजार एकच. पहिल्या जातीच्या उंदराला निरोगी मॅरो दिला, तो बरा झाला. दुसऱ्या जातीच्या उंदराला तोच निरोगी मॅरो दिला, काही उपयोग नाही. मग गंमत म्हणून नव्हे, पण उलटं करून बघितलं: दुसऱ्या, बऱ्या न होणाऱ्या उंदराचा मॅरो पहिल्याला दिला, आणि पहिला बरा झाला! म्हणजे दुसऱ्याच्या मूळपेशी ठणठणीत होत्या, त्या जिथे राहात होत्या ती जागा बिघडलेली होती. पुढे १९८८ ते १९९० च्या सुमारास उलगडा झाला. पहिल्या उंदराच्या मूळपेशींवरचा किट नावाचा रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन, खराब होता, आणि दुसऱ्याच्या शेजारपेशी त्या किटला चिकटणारं प्रथिन नीट बनवत नव्हत्या. एक निरोप घेऊ शकत नव्हता, दुसऱ्यात तो दिलाच जात नव्हता. त्याआधी, १९७८ मध्ये, रे स्कोफिल्ड यांनी मांडलं होतं की मूळपेशीचं मूळपेशीपण तिच्या जागेवर अवलंबून असतं. त्या जागेला आता सगळे निश म्हणतात.

माणसातलं असं एक उदाहरण थ्रोम्बोपोएटिनचं आहे. हे प्रथिन यकृतात बनतं आणि नावाप्रमाणे त्याचं काम प्लेटलेट वाढवण्याचं. पण काही मुलं त्याचा रिसेप्टर बिघडलेला घेऊनच जन्मतात. सुरुवातीला त्यांच्या फक्त प्लेटलेट कमी असतात. काही वर्षांत लाल पेशी आणि पांढऱ्या पेशीही संपत जातात, सगळा मॅरो ओस पडतो. प्लेटलेटचा निरोप म्हणून ज्याला ओळखत होतो, मूळपेशींना टिकवण्यासाठीही तोच लागतो हे या मुलांमुळे पक्कं झालं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भरून येण्याचा सगळ्यात मोठा चमत्कार म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण. ई. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये माणसांत ते करून पाहिलं, तेव्हाचे बहुतेक रुग्ण वाचले नाहीत, आणि १९९० मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. गुजरातेत हा विषय पुस्तकातला नाही. लोहाणा, सिंधी, भानुशाली अशा काही समाजांत थॅलेसेमियाचा दोष वाहणारी माणसं बरीच आहेत, पूर्वेकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि थॅलेसेमिया मेजर झालेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या मुलाला यातून कायमचं सोडवणारा मुख्य मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या मूळपेशी.

प्रत्यारोपण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऑपरेशन थिएटर येतं. प्रत्यक्षात ती शिरेतून चढवायची एक पिशवी असते. देणाऱ्या भावाला किंवा बहिणीला (सख्ख्या भावंडाचा मेळ पूर्ण जमण्याची शक्यता चारात एक) चार-पाच दिवस जी-सीएसएफ या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या प्रथिनाची इंजेक्शनं देतात. हाडं ठणकतात, पॅरासिटामॉलने भागतं. निशमधल्या पेशी सीएक्ससीएल-ट्वेल्व्ह नावाचं एक प्रथिन सोडत असतात, त्याच्या ओढीने मूळपेशी जागेवर राहतात. जी-सीएसएफमुळे ते कमी होतं, ओढ सुटते आणि मूळपेशी रक्तात उतरतात. मग हाताच्या शिरेतून रक्त मशीनमधून फिरवून त्या वेगळ्या काढून घ्यायच्या. घेणाऱ्या मुलाचा मॅरो तोवर जबरदस्त औषधं देऊन रिकामा केलेला असतो. पिशवीतल्या पेशी त्याच्या कुठल्याही शिरेत सोडल्या तरी हाडापर्यंतचा रस्ता त्यांना सापडतो, कारण तिथून तेच सीएक्ससीएल-ट्वेल्व्ह येत असतं.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे आई-बापांचा जीव टांगणीला. रोज एकच प्रश्न, "काउंट आले का?" न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटरला ५०० च्या वर सलग तीन दिवस राहिल्या की पेशी रुजल्या म्हणायचं. या काळात निवांत मूळपेशी जाग्या होऊन झपाट्याने विभागतात, आणि मॅरो भरला की पुन्हा निवांत होतात. इथेही माझं लक्ष त्या शेवटच्या टप्प्यावर. काही मूठभर पेशींनी आख्खा मॅरो उभा केला, आणि मग थांबल्या.

इथे जरा वाकडी वाट करते, कारण हाच शब्द वापरून बाजारात बरंच काही विकलं जातं. गुडघे, ऑटिझम, केस, मधुमेह, सगळ्यावर "स्टेम सेल थेरपी". आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय: रक्ताच्या मूळपेशींचं ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे, बाकीचे वापर फक्त रीतसर चाचणीतच करायचे. आणि रीतसर चाचणीत पेशंटकडून लाखो रुपये घेत नाहीत. बाळाच्या नाळेचं रक्त खासगी बँकेत "विमा" म्हणून ठेवण्याचीही आयसीएमआर शिफारस करत नाही. थॅलेसेमियाचा दोष बाळाच्या स्वतःच्याच नाळेच्या रक्तातही असतो, हे ब्रोशरवर छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता दुसरी बाजू. इपो पेशीवर पोचल्यावर आत काय होतं? इपोचे रिसेप्टर जोडीने काम करतात. इपो चिकटलं की त्यांची पेशीच्या आतली टोकं जवळ येतात. त्या टोकांना जॅक-टू नावाचं एंझाइम लागलेलं असतं. दोन जॅक-टू समोरासमोर आले की एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि चालू होतात. मग ते स्टॅट-फाइव्ह या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात, ते केंद्रकात शिरतं आणि "मरू नकोस, विभाग" असं सांगणारे जीन चालू करतं. बंद करण्याची सोयही याच रिसेप्टरवर आहे. त्याच्या आतल्या शेपटीवर एसएचपी-वन नावाचं एंझाइम येऊन बसतं आणि फॉस्फेट उतरवून टाकतं.

ती शेपटीच नसेल तर? फिनलंडचा ईरो मॅन्तिरांता हा बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगचा खेळाडू. १९६० ते १९६८ मध्ये त्याने ऑलिंपिकची सात पदकं मिळवली, त्यांत तीन सुवर्ण. त्याचं हिमोग्लोबिन वीसच्या वर असायचं, आणि हा रक्तात काही गडबड करतो असा संशय वर्षानुवर्षं होता. १९९३ मध्ये खुलासा झाला. त्याच्या घराण्यातच इपोच्या रिसेप्टरचा जीन असा बदललेला होता की शेपटीचा शेवटचा तुकडा बनतच नव्हता. एसएचपी-वनला बसायला जागा नाही, त्यामुळे थोडक्या इपोत भरपूर काम. तो २०१३ मध्ये ७६ व्या वर्षी वारला, आणि या घराण्याला हा कॅन्सर म्हणून भोवला नाही. निरोप मोठा झाला म्हणजे कॅन्सर झालाच असं नसतं, हे सांगायला मी हे उदाहरण नेहमी वापरते. त्याच्या पेशींनाही सुरुवात करायला इपो लागत होतंच, आणि हा बदल जन्मापासून सगळ्या पेशींत सारखा होता, त्यामुळे एका पेशीच्या वंशाने बाकीच्यांना मागे टाकायचा प्रश्न आला नाही.

पॉलिसायथेमिया व्हेरा या, लाल पेशी बेसुमार वाढणाऱ्या संथ कॅन्सरात मात्र तेच होतं. साठीच्या गृहस्थांचा रिपोर्ट येतो, हिमोग्लोबिन १९. घरचे म्हणतात, बघा, या वयातही रक्त कसं छान आहे. चेहरा लालबुंद. विचारलं तर सांगतात की गरम पाण्याने आंघोळ केली की अंगाला भयंकर खाज सुटते, आणि ती साबणाची ॲलर्जी समजून चार साबण बदलून झालेले असतात. हिमोग्लोबिन वाढायला साधी कारणंही असतात. विडी-सिगारेट, झोपेत श्वास अडकणं, फुप्फुसाचा जुना आजार. तिथे ऑक्सिजनच कमी पडतो, म्हणून किडनी इपो वाढवते. या गृहस्थांचं इपो तपासलं तर ते अगदी कमी निघतं. किडनीने केव्हाच हात आखडता घेतलाय, तरी लाल पेशी येतच आहेत.

१९७४ मध्येच प्रचाल आणि ॲक्सलरॅड या दोघांनी पाहिलं होतं की अशा रुग्णांच्या मॅरोच्या पेशी काचेच्या बशीत इपो न घालताही वाढतात. कारण सापडायला २००५ उजाडलं. जॅक-टूच्या साखळीत ६१७ व्या जागी व्हॅलीनऐवजी फेनिलअलानीन आलेलं असतं. डीएनएत एका अक्षराचा फरक. पण ती जागा जॅक-टूला एरवी बंद ठेवणाऱ्या भागातली आहे. सोसायटीच्या वरच्या टाकीतला फ्लोट बरोबर वर आलाय, टाकी भरून वाहतेय, आणि खाली मोटरचा स्विचच आत चिकटून बसलाय, तसा प्रकार. या आजाराच्या शंभरातल्या पंचाण्णव जणांत हाच बदल सापडतो, आणि तो झालेला असतो कधीतरी एका मूळपेशीत. तिचा वंश हळूहळू बाकीच्यांची जागा घेतो.

उपचाराची सुरुवात कशाने होते, तर शिर टोचून पिशवीभर रक्त काढून! शिबिरात असते तशीच पिशवी, फक्त ती कोणाला चढवत नाहीत. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचं, कारण घट्ट रक्तात गुठळ्या होतात, आणि या लोकांना खरा धोका पक्षाघाताचा आणि हार्ट अटॅकचा असतो. सोबत ॲस्पिरिन, आणि वय जास्त असेल किंवा गुठळी होऊन गेली असेल तर पेशी कमी करणाऱ्या गोळ्या. वारंवार रक्त काढल्याने लोह कमी होतं आणि ते मुद्दाम तसंच ठेवतात. म्हणून हिमोग्लोबिन उतरल्यावर कोणी प्रेमाने लोहाच्या गोळ्या आणून दिल्या तर आधी डॉक्टरांना विचारा. बहुतेक रुग्ण वर्षानुवर्षं चांगले जगतात. काहींचा मॅरो पुढे तंतूंनी भरून घट्ट होतो (मायलोफायब्रोसिस), थोड्यांना तीव्र ल्युकेमिया, म्हणजे पांढऱ्या पेशींचा झपाट्याने वाढणारा कॅन्सर, होतो.

मघाचा थ्रोम्बोपोएटिनचा मुद्दा इथे कामाला येतो. थ्रोम्बोपोएटिनचा रिसेप्टरही आत जॅक-टूच वापरतो. एल्ट्रोम्बोपॅग ही गोळी त्या रिसेप्टरला चालू करते. ती आली होती प्लेटलेट वाढवायला. पण ॲप्लास्टिक ॲनिमियात, म्हणजे मॅरो ओस पडलेल्या रुग्णांत दिली तेव्हा काहींच्या तिन्ही जातींच्या पेशी वाढल्या. उरल्यासुरल्या मूळपेशींनाच तो निरोप पोचला होता. २०१४ पासून अमेरिकेत ती या आजारासाठी मान्य आहे, आपल्याकडेही वापरतात. दुसरीकडे रक्सोलिटिनिब ही गोळी जॅक-टूला बंद करते, आणि २०११ पासून ती मायलोफायब्रोसिससाठी वापरात आहे. म्हणजे एकाच ओपीडीत, एकाच सकाळी, एका पेशंटला हा रस्ता उघडायची गोळी लिहिली जाते आणि दुसऱ्याला तोच बंद करायची. दोघींचीही किंमत मोजावी लागते. रक्सोलिटिनिब बिघडलेलं जॅक-टू आणि चांगलं जॅक-टू यांत भेद करत नाही, त्यामुळे खऱ्या इपोचा निरोपही अडतो आणि हिमोग्लोबिन खाली येतं. एल्ट्रोम्बोपॅगवरच्या पेशंटचा मॅरो अधूनमधून तपासतात, गुणसूत्रांत बदल झालेला एखादा वंश डोकं वर काढत नाही ना हे बघायला. भरून आणणारं औषध देताना कॅन्सरच्या दिशेने लक्ष ठेवायचं, आणि कॅन्सरचं औषध देताना भरून येणं आटतंय का याकडे.

सगळ्यात गाजलेली गोष्ट सीएमएलची, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरची. त्या पेशंटची रक्ताची नळी तासभर उभी ठेवली तरी कळतं. लाल पेशी खाली बसतात, प्लाझ्मा वर राहतो, आणि मधे पांढऱ्या पेशींचा जो थर एरवी दोऱ्याइतका बारीक असतो तो चांगला जाड, करडा-पांढरा दिसतो. काचेवर पाहावं तर एरवी मॅरोच्या बाहेर न दिसणाऱ्या अर्धवट वाढीच्या पेशी गर्दीने. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड यांना या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांनी तुकडे अदलाबदल केलेत. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल हा जोडजीन तयार होतो. एबीएल हेही फॉस्फेट चढवणारं एंझाइमच, पण जोडणीत त्याचा स्वतःला बंद ठेवणारा भाग गळून पडतो. इमॅटिनिब ही गोळी नेमकी त्याच्या खाचेत बसते. २००१ मध्ये ती बाजारात आली, आणि ज्या आजारात पूर्वी चार-पाच वर्षं मिळायची तिथे पहिल्या मोठ्या चाचणीतले इमॅटिनिब घेणारे ८३ टक्के लोक दहा वर्षांनंतर जिवंत होते.

आपल्याकडे ही गोळी परवडते यामागे १ एप्रिल २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, ज्यात ती मुळात बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीला तिचं पेटंट नाकारलं गेलं. आणि २०१६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत तिची पहिली जेनेरिक आवृत्ती उतरवली ती सन फार्माने. या कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता वर्षानुवर्षं आपल्या तांदळज्याचा. बडोदेकरांनी इतका अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण इमॅटिनिबची एक मर्यादा आहे, आणि ती पुन्हा निवांत मूळपेशीकडेच नेते. गोळीने बीसीआर-एबीएलवर अवलंबून असलेल्या पेशी मरतात. मॅरोच्या कोपऱ्यात शांत पडलेली ल्युकेमियाची मूळपेशी मात्र शेजाऱ्यांच्या "जिवंत राहा, थांब" या जुन्याच निरोपावर तगून राहू शकते. ल्युकेमियालाही मूळपेशी असतात हे टोरांटोच्याच जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवलं होतं, दुसऱ्या जातीच्या ल्युकेमियात. चांगल्या मूळपेशीला जपणारी जागा वाईटालाही तितक्याच इमानाने जपते. म्हणून सीएमएलमध्ये काही वर्षं रक्तात आजाराचा मागमूस नसला तरच, आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच, गोळी थांबवून बघतात. सुमारे निम्म्यांना ती पुन्हा लागत नाही. उरलेल्यांत आजार परततो तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांत, आणि गोळी पुन्हा सुरू केली की सहसा आवरतो. आपल्या मनाने गोळी सोडणं हे यात बसत नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते.

शेवटचं, आजार नसलेल्यांबद्दल. २०१४ मध्ये हजारो लोकांच्या रक्ताचा डीएनए वाचल्यावर दिसलं की सत्तरीपुढच्या दहातल्या एकाहून जास्त जणांच्या रक्तपेशींचा मोठा हिस्सा एकाच बदललेल्या मूळपेशीचा वंश असतो. सीबीसी नॉर्मल, माणूस रोज कमाटीबागेत फेऱ्या मारतोय. डीएनएमटी-थ्रीए आणि टेट-टू हे त्यात नेहमी सापडणारे जीन. अशांपैकी वर्षाला शंभरात एखाद्यालाच, किंवा त्याहूनही कमी जणांना, रक्ताचा कॅन्सर होतो. हृदयविकाराचा धोका मात्र वाढलेला आढळतो. टेट-टू बदललेल्या पेशी इंटरल्यूकिन-वनसारखी दाह वाढवणारी प्रथिनं जास्त सोडतात, आणि त्याच दाहात त्या स्वतः इतरांपेक्षा जास्त फोफावतात. दाह हाही मूळपेशींना मिळणारा एक निरोपच: कुठेतरी जंतू शिरलेत, लवकर पेशी पाठवा. ताप उतरला की तो संपायला हवा. बारीक, वर्षानुवर्षं रेंगाळणारा दाह तो संपू देत नाही.

यासाठी सगळ्यांनी डीएनए तपासून घ्यावा का? नाही. दुसऱ्या कारणाने केलेल्या तपासणीत हे सापडलं तर ते घालवायचं खात्रीचं औषध आज नाही. डॉक्टर बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल बघतात, सिगारेट सोडायला सांगतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा सीबीसी करायला लिहून देतात.